पानाची अंधारखोली

समोर कोणीही येवो, मामा आधी दोन बोटांनी त्याची हनुवटी धरत आणि तोंड उजेडाकडे वळवत. विचारत नसत. न्हावी आणि फोटोग्राफर यांना परवानगी लागत नाही, असं त्यांचं मत होतं. वळवून झालं की एक पाऊल मागे जात, डोळे बारीक करत आणि म्हणत, "हां. उजेड हिकडून येतोय."

एका निवडणुकीच्या आधी तालुक्यातले एक पुढारी त्यांच्या स्टुडिओत फोटो काढायला आले. ते वळतील तिकडे माणसं वळत, ते थांबतील तिथे गाड्या थांबत. मामांनी त्यांची हनुवटी धरली आणि त्यांना खिडकीकडे फिरवलं. दारातला एक कार्यकर्ता ओरडला, "ए, सायबाला हात कावून लावतो बे?"

मामांनी मागे बघितलंसुद्धा नाही. "सायेब तुमचे हायेत, उजेड माझा हाय. तू दारातून सरक, तुझी सावली पडायली."

कार्यकर्ता सरकला. त्या फोटोत पुढाऱ्यांची दुसरी हनुवटी दिसत नाही. पुढे कित्येक वर्षं तोच चेहरा चौकातल्या फ्लेक्सवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत होता. पक्ष बदलले, चिन्हं बदलली, फोटो तोच राहिला. आमच्या भागातल्या राजकारणात इतकी टिकाऊ गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

मी तेव्हा घाटनांदूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि स्टेशन रोडला मामांच्या माडीवर भाड्याने राहत होतो; नातं काही नव्हतं, सगळेच त्यांना मामा म्हणत. खाली पुढच्या बाजूला स्टुडिओ, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक बिनखिडकीची अंधारखोली. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला टांगलेली असतात. मामा आणि मामी लेकीकडे लातूरला गेले. तिकडे गेलात तर दुकानदाराला विचारू नका. त्याला ते फक्त "जुने घरमालक" म्हणून माहीत आहेत.

रोलचा जमाना गेला तरी मामांनी अंधारखोली मोडली नाही. दुपारी जेवण झालं की ते तिच्यात जाऊन बसत. आत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रिकामे ट्रे, वाळलेल्या बाटल्या, फोटो वाळवायची दोरी आणि भिंतीत मुरलेला औषधांचा आंबट वास. पूर्वी तिथे लहानसा लाल दिवा असे. नजर अधू व्हायला लागली तसा मामांनी टेबलाच्या वर हातभर उंचीवर मोठा लाल एलईडी टांगला. मीही कधी कधी जाऊन बसे. आत गेलं की डाळिंबाच्या दाण्यात शिरल्यासारखं वाटायचं. बाहेर ऊन भाजत असे, मालगाडी घरघरत जात असे, आणि आत आम्ही दोघं, आमचे हात, आमचे चहाचे कप, सगळे एकाच रंगाचे, काही न बोलता बसलेलो असू. तिथे वेळ जात नसे. तो नुसता भिजत पडलेला असे.

"बाकीची मानसं दुपारी झोपत्यात," मामी मला म्हणत, "आमचे लाल हून बसत्यात."

एकदा दहावीच्या निरोपसमारंभाचा फोटो काढायला मामा शाळेत आले. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना मामांना बोलावायची पद्धत कशी टिकली, ते मुख्याध्यापकांना माहीत. मुलं रांगेत उभी राहीपर्यंत मामा माझ्या प्रयोगशाळेत येऊन टेकले. मी नववीला तो नेहमीचा प्रयोग दाखवत होतो. झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. मग पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ते उन्हात ठेवायचं. नंतर पान तोडून स्पिरिटमध्ये उकळायचं, की हिरवा रंग निघून जातो आणि ते पांढरट होतं. त्यावर आयोडीन टाकलं की जिथे ऊन पडलं तिथे स्टार्च तयार झालेला असतो आणि तो भाग काळानिळा होतो. पट्टीखालचा भाग तसाच फिका राहतो. पुस्तकात याला प्रकाशसंश्लेषणाची चाचणी म्हणतात. मुलं याला पाच मार्क म्हणतात.

बशीतल्या पानावर हळूहळू काळं चढू लागलं आणि मध्ये पट्टीची कोरी रेघ उमटली. मुलांनी जांभया दिल्या. मामा मात्र उठून बशीवर वाकले होते.

"सर," ते म्हणाले, "ही तर प्रिंट हाय."

"मामा, हे पान आहे."

"पानच की. पन प्रिंट हाय."

त्या दिवशीच्या फोटोत दहावीचा अर्धा वर्ग कापला गेला आहे.

संध्याकाळी ते माडीवर आले. हातात एक पाकीट, पाकिटात बटरपेपर, त्यात एक चौकोनी निगेटिव्ह, तळहाताच्या मधल्या खळग्याएवढी. मी ती खिडकीशी धरली. एक मुलगी होती. चेहरा काळा, केस पांढरे, डोळ्यांच्या जागी दोन उजळ ठिपके. फिल्मच्या कडेला बुरशीची नक्षी चढायला लागली होती.

"ही मामी," मामा म्हणाले. "स्थळाचा फोटो. परळीच्या एका पोराला दाखवायचा म्हनून तिच्या बापानं काढून घेतलता. मी प्रिंट दिली, निगेटिव्ह ठिवून घेतली."

"आणि परळीचा मुलगा?"

"त्यानं पसंत केली. पन तोवर मीबी केलती."

त्या एका फोटोनंतर मामांनी मामींचा फोटो काढला नव्हता. दुकानात दुसऱ्यांचे चेहरे इतके यायचे, की घरचा चेहरा राहून गेला. मधल्या काळात ती मूळ प्रिंटही कुठे हरवली. आता मामांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि उजवा जवळजवळ गेलेलाच. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती टिकेल ते बघू.

"नळीतून बघितल्यागत दिसतंय," मामा म्हणाले. "मधलं दिसतं, भवतालचं न्हाई. ती नळीबी बारीक व्हायली. ती मिटायच्या आत मला एकदा हा चेहरा ट्रेमधी वर येताना बघायचाय. कागद मिळंना, औषध मिळंना. पन तुमचं पान तर हाय."

मी त्यांना सांगितलं की बीडला नेऊन निगेटिव्ह स्कॅन केली तर चहा पिईपर्यंत फोटो हातात मिळेल. मामांनी मला खाली नेलं आणि भिंतीवरची फ्रेम दाखवली. बीडला ते जाऊन आले होते. तिथल्या पोराने मोठ्या प्रेमाने मामींना गोरं केलं होतं, हनुवटीवरचं गोंदण पुसलं होतं, आणि मागे बर्फाचे डोंगर लावले होते. मामी मूळच्या इथल्याच चोथेवाडीकडच्या. त्यांनी बर्फ पाहिला असेल तर तो उसाच्या रसात.

"मला तर ह्योच आवडला," मामी आतून म्हणाल्या. "मी एवढी गोरी हाय, ते माहेरात कुनी सांगितलंच न्हाई."

"बगा," मामा म्हणाले. "मानसाच्या हातात दिलं की असं हुतं. पानाला कुनाला गोरं करता येत न्हाई."

मामींच्या घेवड्याचा वेल रंगाच्या जुन्या डब्यात होता. पानं तळहातापेक्षा रुंद. तो उचलून अंधारात ठेवायचा होता.

"पूर्ण अंधार हवा हं, मामा," मी म्हणालो. "चांगले दोन दिवस."

मामा दुखावले. "सर, मला अंधार शिकवू नका. हयात गेली त्याच्यात."

वेल अंधारखोलीत गेला. आमच्याकडे दोन दिवस सलग वीज राहिली तर लोक एकमेकांना विचारतात की कोण मंत्री यायलाय. त्या दोन दिवसांत ती एकदाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी एका पानावर निगेटिव्ह ठेवली, वर काच, खाली पुठ्ठा, चार चिमटे. डबा गच्चीवर उन्हात ठेवला आणि दिवसभर शेजारी बसून राहिले. दुपारनंतर पान तोडलं. मी स्पिरिटचं भांडं गरम पाण्यात बसवून त्यात ते उकळलं. मामांनी पांढऱ्या ट्रेमध्ये पान पसरलं, त्यावर आयोडीन ओतलं आणि वाकले.

पान काळं झालं. सगळंच. या कडेपासून त्या कडेपर्यंत, अमावास्येसारखं. चेहरा नाही, केस नाहीत, काही नाही.

"जास्त एक्स्पोज झालं," मामा म्हणाले. काचेखालून निगेटिव्ह काढली तेव्हा तिचा एक कोपरा उन्हाने वळला होता आणि तिथला थर सुटायला आला होता. आणखी एक ऊन ती सोसेल, त्यानंतरचं नाही, हे मला फोटोग्राफीतलं काही न कळताही कळलं.

सकाळी डबा उन्हात नेण्याआधीच वेलाचं एक पान तुटलं होतं, ते मी वहीत मिटून ठेवलं होतं; आता ते उकळलं. त्यावर आयोडीन टाकलं. तेही काळं. म्हणजे पान उपाशी राहिलंच नव्हतं. अंधारात बसून ते दोन दिवस जेवत होतं. हे काही केल्या मला उमजेना. शेवटी मी अंधारखोलीत गेलो, दार लावलं आणि बघत राहिलो. वेलाच्या डोक्यावर, हातभर उंचीवर, तो लाल दिवा.

"मामा, हा दिवा दोन दिवस चालूच होता?"

"कोनता दिवा?" मामांनी खरोखरच इकडेतिकडे पाहिलं.

मी बोट दाखवलं.

"त्यो? त्यो तर अंधाराचा दिवा हाय."

तुम्ही हसाल. मीही हसणार होतो. पण त्या माणसाचं आयुष्य अशा खोलीत गेलं होतं, जिथे लाल म्हणजे काळोख. फोटोच्या कागदाला लाल दिसत नाही. त्याच्यासमोर लाल दिवा लावा, त्याला वाटतं रात्रच आहे. मामांनी इतकी वर्षं कागदाच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मीही त्या खोलीत कितीतरी दुपारी बसलो होतो आणि मलाही तो दिवा उजेडात धरावा असं वाटलं नव्हतं.

"पानाला लाल दिसतं, मामा. नुसतं दिसत नाही, त्याला ते सगळ्यात जास्त मानवतं. लाल आणि निळं. त्या उजेडावर ते स्वयंपाक करतं."

लाल उजेडात लाल झालेल्या मामांनी हात वर करून दिवा चाचपला. मग म्हणाले, "म्हंजी मी त्याला उपाशी ठिवायला गेलो आन् पंगतीत बसवून आलो."

"मंग मला इचारायचं की," मामी दारातून म्हणाल्या. "घेवडा हितं आल्यापासून टवटवीत दिसायलाय, मी म्हनलं ह्यांच्या संगतीनं."

मामांना माझ्या सांगण्यावर विश्वास होता, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन नव्हतं; आणि डोळे म्हणजे ती एक नळी. स्टुडिओच्या मोठ्या दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिन कागद त्यांच्याकडे होते. त्यांनी वेल एका ट्रंकेत कोंडून खरा उपाशी ठेवला, मग एका पानावर तीन पट्ट्या लावल्या, लाल, निळी, हिरवी, आणि पान उन्हात धरलं. संध्याकाळी आयोडीन टाकल्यावर लाल पट्टीखाली गडद काळं उमटलं, निळीखालीही. हिरवीखाली फिकट तपकिरी छटा, जेमतेम.

"हिरवं पान आन् हिरवंच नको म्हनतंय?"

"अगदीच नको म्हणत नाही. थोडं खातं. शाळेतल्या खिचडीसारखं, नाइलाजाने. बाकीचं परत फेकतं. ते आपल्या डोळ्यांत येतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं."

मामा गच्चीच्या कठड्याशी गेले. समोर रुळांपलीकडे तुरीची रानं होती, त्यापुढे बाभळी, आणखी पुढे बालाघाटाची फिकी ओळ. त्यांनी मान हळूहळू फिरवत, नळीतून एक एक तुकडा बघत, ते सगळं पाहिलं. ऊन उतरत होतं आणि रान हिरवं होत चाललं होतं, जसं काही त्याच्या आत कोणी दिवा लावतंय.

"म्हंजी हे समदं," ते म्हणाले, "झाडांनी नको म्हनून टाकून दिल्यालं. आन् आपन त्येच्यावर खूश."

प्रकाशसंश्लेषण मी बरीच वर्षं शिकवत होतो, पण रानाकडे असंही बघता येतं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी अंधारखोलीतला लाल दिवा उतरवला आणि हिरवा लावला, लहान, पार कोपऱ्यात. मी म्हणालो, दिवाच नको, काळोख पुरे. त्यांना ते पटलं नाही. "दिव्याबिगर ती अडगळीची खोली. आता ही पानाची अंधारखोली. कागदाला लाल, पानाला हिरवा." त्यांचं चुकत नव्हतं, प्रयोगशाळांतही झाडांना जाग येऊ नये म्हणून मंद हिरवा दिवाच वापरतात. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी "मंग?" एवढंच म्हटलं असतं.

वेल पुन्हा आत गेला. आता त्या खोलीत बसलं की डाळिंब नव्हतं. विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं तसं वाटायचं. मामा मधूनमधून आत जाऊन वेलाला हात लावून येत. मामींनी त्यांना दोनदा अंधारात बोलताना ऐकलं. त्या दिवसांत उजवा डोळा पुरता मिटला. डाव्यातली नळी इतकी बारीक झाली, की जेवताना त्यांना ताटातली भाकरी दिसली तर भाजी दिसत नसे. मामी ताट फिरवून देत आणि वर म्हणत, "घ्या, आता भाजीचं गाव आलं."

उन्हाचा दिवस हिवाळ्यातला निघाला, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा. निगेटिव्हचा सुटलेला कोपरा मामांनी बोटाने चाचपून बसवला. किती वेळ उन्हात ठेवायचं, हे मला माहीत नव्हतं, पुस्तकालाही नव्हतं. मामा हाताची मागची बाजू पानाशेजारी धरून बसले. ऊन कातडीत किती मुरलं, त्यावरून ते वेळ मोजत होते. मामी शेजारी तीळ निवडत होत्या.

"एवढा वेळ मला समोर बसवून बघितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर फुकटात दिसले असते की."

"तू बसतीस का एका जाग्यावर?"

दुपार कलायच्या आधीच मामांनी एकदम हात उचलला. "झालं. काढा."

काच उचलली तेव्हा निगेटिव्हचा थर काचेलाच चिकटून आला. फिल्म कोरी झाली. मुलगी काचेवर राहिली, सुरकुतलेली, आणि बोट लागताच तिचा चुरा झाला. मी मामांकडे पाहिलं. त्यांना ते दिसलं की नाही, सांगता येणार नाही. मी सांगितलं नाही, मामींनीही नाही. आता जे काही होतं ते पानात होतं, आणि पान अजून नुसतं हिरवं होतं.

स्वयंपाकघरात मी ते पान उकळत्या पाण्यात बुडवलं, मग स्पिरिटमध्ये. हिरवा रंग धाग्याधाग्याने सुटून वर आला. पान पांढरं, हलकं झालं. मामांनी ते बोटांवर घेतलं. "कागद झाला," ते हळूच म्हणाले. पान ट्रेमध्ये पसरून त्यांनी स्वतः आयोडीन ओतलं, एका कडेने, ट्रे झुलवत, जसं ते उभी हयात करत आले होते.

आधी केस आले. मग भुवया, तपकिरी, पाण्याखाली पडलेल्या काड्यांसारख्या. मग डोळे. पानाच्या शिरा चेहऱ्यावरून गेल्या होत्या, कपाळातून हनुवटीपर्यंत, त्यामुळे ती मुलगी एखाद्या झाडामागून बघतेय असं वाटत होतं. मामी तीळ टाकून उठून आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

मामांना ते एकदम दिसणार नव्हतं. त्यांनी ट्रे डोळ्याजवळ आणला आणि इंच इंच सरकवू लागले. एक डोळा. नाकातली चमकी. मग ट्रे थोडा वर. हनुवटी, आणि तिच्यावर गोंदणाचे तीन ठिपके. तिथे ते थांबले. किती वेळ थांबले, मला माहीत नाही. चुलीवरचं पाणी उकळून उकळून शांत झालं होतं.

मग त्यांनी ट्रे खाली ठेवला, हात लांब करून मामींची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि त्यांचं तोंड खिडकीकडे वळवलं. आणि त्याच नळीतून, त्याच क्रमाने, तिथेही बघितलं. डोळा. चमकी. हनुवटी. ठिपके. मामी एकदाही काही बोलल्या नाहीत, आणि मी त्या घरात राहिलो त्या सगळ्या काळात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मामांनी पुन्हा एकदा ट्रेकडे पाहिलं, पुन्हा मामींकडे, आणि निगेटिव्ह तपासताना बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हाललीस गं थोडी."

"मंग?" मामी म्हणाल्या. "तवापासून एका जागी बसू दिलं का तुमी?"

मामा हसले. त्यांच्या हाताने ट्रे हलला, आणि पाण्यातली ती मुलगीही.